एकाच गाडीत पुन्हा पुन्हा उद्भवणारे दोष: सुट्या तक्रारींमागचे मूळ कसे शोधावे

पावसाळ्यात सकाळी गाडी पहिल्यांदा सुरू केली की मीटरवर एकदम पाच दिवे लागत: एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा), स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू न देणारी), हिल होल्ड (चढावर गाडी मागे सरकू न देणारी), पॉवर स्टिअरिंग आणि इंजिनाचा पिवळा दिवा. स्टिअरिंग जड होई, रिव्हर्स कॅमेरा लागत नसे, आणि पंधरा-वीस मिनिटे गाडी चालली की एकेक दिवा आपोआप विझून जाई. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूरच्या अधिकृत वर्कशॉपला पोहोचायला सुमारे १३० किलोमीटर जावे लागते. तेवढ्या प्रवासात गाडी पूर्ण बरी झालेली असे, आणि सर्व्हिस ॲडव्हायझर स्कॅनर लावून सांगत, "साहेब, आत्ता तर काहीच दाखवत नाही."

ही डिझेल, ऑटोमॅटिक, सनरूफ असलेली एसयूव्ही मी २०२१ च्या दसऱ्याला घेतली. जुलै ते सप्टेंबर २०२३ या तीन महिन्यांत ती याच तक्रारीसाठी तीनदा वर्कशॉपमध्ये गेली. पहिल्या वेळी गाडीने नोंदलेले दोषांचे कोड पुसून दिले, दुसऱ्या वेळी पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर बदलला, आणि तिसऱ्या वेळी बॅटरी बदलून सॉफ्टवेअरही नवे टाकले. प्रत्येक वेळी दोन-तीन आठवडे गाडी ठीक चालली, म्हणून प्रत्येक वेळी मला वाटले की आता दुखणे गेले. ऑक्टोबरपासून तर एकही दिवा लागला नाही. जून २०२४ मध्ये मृगाचा पाऊस पडला आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्याच महिन्यात आंबा घाटातल्या एका वळणावर स्टिअरिंग अचानक जड झाले, तेव्हा मागच्या सीटवर माझी आई बसली होती. त्या रात्री घरी आल्यावर मी गाडी घेतल्यापासूनची सगळी जॉब कार्डे (वर्कशॉपच्या प्रत्येक भेटीतली तक्रार आणि काम नोंदलेले कागद) टेबलावर तारखेप्रमाणे लावली, आणि खऱ्या अर्थाने शोधाला सुरुवात तिथून झाली.

ज्यांच्या गाडीत असेच काही चालू आहे त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. वर्कशॉप प्रत्येक भेटीकडे सुटे पाहते. त्या दिवशी जो दिवा लागला असेल त्याच्याशी संबंधित भाग बदलते आणि कार्ड बंद करते. सगळ्या भेटी एकत्र पाहणारा माणूस त्या साखळीत कोणीच नसतो. ते काम मालकालाच करावे लागते, आणि ते करायला इंजिनिअर असावे लागत नाही.

पाच दिवे एकदम का लागतात

आजच्या एसयूव्हीत एबीएस, इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, दरवाजे आणि दिवे यांच्यासाठी वेगवेगळे कंट्रोल युनिट असतात, आणि ती सगळी एकमेकांत पिळलेल्या दोन तारांवरून आपसांत बोलतात. या तारांच्या जाळ्याला कॅन असे म्हणतात. चाके किती वेगाने फिरत आहेत हे एबीएसच्या युनिटला कळते, आणि तीच माहिती हिल होल्ड, स्टॅबिलिटी कंट्रोल, पॉवर स्टिअरिंग आणि गिअरबॉक्स वापरतात. त्यामुळे एबीएसच्या युनिटला वीज कमी मिळाली, त्याचे अर्थिंग (गाडीच्या पत्र्यामार्फत बॅटरीच्या ऋण टोकाशी असलेली जोडणी) सैल झाले किंवा त्याची कॅनची तार मधेच तुटक लागू लागली, तर त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे युनिट आपापला दिवा लावतात. पाच दिवे म्हणजे पाच बिघाड असे समजून पाच भाग बदलत राहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

स्कॅनरवर येणाऱ्या कोडचे पहिले अक्षर इथे फार उपयोगी पडते. 'पी'ने सुरू होणारे कोड इंजिन आणि गिअरबॉक्सचे, 'सी'चे ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे, 'बी'चे बॉडीचे, आणि 'यू'चे युनिटांच्या आपसांतील संपर्काचे असतात. माझ्या गाडीत चार वेगवेगळ्या युनिटांनी 'यू ०१२१' हा कोड नोंदवला होता, ज्याचा अर्थ 'एबीएसच्या युनिटशी संपर्क तुटला' असा आहे. ज्याच्याबद्दल बाकी सगळे तक्रार करत आहेत आणि जे स्वतः मात्र गप्प आहे, ते युनिट, त्याचा फ्यूज, त्याचे अर्थिंग आणि त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेतले कपलर (तारा एकमेकींना जोडणारे प्लास्टिकचे जोड) आधी तपासले पाहिजेत. हा तपास पहिल्याच भेटीत होऊ शकला असता, परंतु कोड वाचून कागदावर घेण्याआधीच पुसले गेले होते.

म्हणून माझी पहिली विनंती अशी आहे की गाडी ताब्यात देतानाच जॉब कार्डावर 'कोड पुसण्यापूर्वी सर्व युनिटांचा स्कॅन अहवाल छापून द्यावा' असे लिहून घ्यावे. त्या अहवालात प्रत्येक कोड सध्याचा आहे की जुना, आणि तो नोंदला गेला त्या क्षणी बॅटरीचा व्होल्टेज, वेग आणि किलोमीटर किती होते, ही माहिती बहुतेक गाड्यांत मिळते. घरी येणाऱ्या मेकॅनिकने स्कॅन करण्याआधी बॅटरीची तार काढू नये, कारण काही युनिटांतल्या नोंदी तेवढ्यानेही जातात.

आधी बॅटरी, पण केवळ बॅटरी नव्हे

व्होल्टेज घसरला की नवी गाडी वाटेल तसे दिवे लावते, म्हणून सुरुवात बॅटरीपासून करणे योग्यच आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर घरात असला तरी पुरतो. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसला पाहिजे, १२.२ म्हणजे ती जवळपास निम्मी रिकामी झाली आहे. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना सामान्यतः १३.८ ते १४.७ दिसतो, मात्र अलीकडच्या काही गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे यंत्र) मुद्दाम कमी चार्ज देतो, म्हणून क्षणभर कमी आकडा दिसला तर लगेच अल्टरनेटर बदलायला धावू नये. हेडलाइट आणि पंखा लावून पुन्हा पाहावे.

माझी गाडी चार-पाच दिवस दारात उभी राहिली की सेल्फ घेत नसे, आणि नवी बॅटरी बसवल्यावरही तेच होऊ लागले. याचा अर्थ बॅटरी निर्दोष होती आणि गाडी बंद असताना कोणीतरी वीज ओढत होते. हे मोजण्याची रीत अशी आहे: बॉनेट उघडे ठेवून त्याचे लॉक स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करावे, म्हणजे गाडीला बॉनेट बंद आहे असे वाटेल. चावी घरात दूर ठेवावी, गाडी लॉक करावी आणि पाऊण तास तिला हात लावू नये, कारण सगळी युनिटे झोपायला तेवढा वेळ लागू शकतो. त्यानंतर बॅटरीच्या ऋण तारेभोवती डीसी क्लॅम्प मीटर लावून प्रवाह पाहावा. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह स्वाभाविक मानला जातो. माझ्या गाडीत तो ३८० होता. हिशेब केला तर दिवसाला नऊ अँपिअर-तास झाले, म्हणजे ६० ते ७० अँपिअर-तासांची बॅटरी पाच दिवसांत निम्म्याहून अधिक रिकामी होणारच.

प्रवाह कोणत्या वाटेने जातो हे शोधताना फ्यूज एकेक काढून पाहण्याची जुनी पद्धत नव्या गाड्यांत फसवते, कारण फ्यूज परत बसवला की झोपलेले युनिट जागे होते आणि आकडे बदलतात. फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन उघडे ठिपके असतात. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोन ठिपक्यांवर टोके टेकवावीत. ज्या फ्यूजमधून प्रवाह जात नाही तिथे शून्य दिसेल, आणि जिथून जातो तिथे थोडा तरी आकडा दिसेल. माझ्याकडे आकडा दिसला तो बॉडी कंट्रोल युनिटच्या, म्हणजे दरवाजे, लॉक आणि दिवे सांभाळणाऱ्या युनिटच्या, फ्यूजवर. मग आठवले की पावसाळ्यात रात्री गाडीचे सेंट्रल लॉक कधीकधी आपोआप टक् असा आवाज करत असे, आणि ते आम्ही कधी तक्रारीत सांगितलेच नव्हते. ज्या युनिटला दर थोड्या वेळाने कोणीतरी खोटी हाक मारते, ते युनिट झोपत नाही.

कोरड्या शेडने बरी होणारी गाडी

दोष पावसाळ्यातच का येतो, सकाळीच का येतो आणि वर्कशॉपमध्ये का दिसत नाही, या तीन प्रश्नांचे उत्तर एकच निघाले. इंजिनाची आणि हीटरची ऊब मिळाली की ओलसर कपलर तेवढ्यापुरते सुकत असे, आणि वर्कशॉपच्या कोरड्या शेडमध्ये दोन-तीन दिवस उभी राहिलेली गाडी पुढचे काही आठवडे शहाण्यासारखी वागत असे. सेन्सर आणि बॅटरी बदलल्यामुळे फरक पडला असे ज्याला आम्ही समजत होतो, तो फरक खरे म्हणजे शेडमुळे पडत होता.

जॉब कार्डे तारखेप्रमाणे लावल्यावर त्यात जून २०२३ चे एक कार्ड मिळाले, जे मी पूर्ण विसरलो होतो. पहिल्या पावसात पुढच्या केबिन लाइटजवळून थेंब गळाले म्हणून गाडी दाखवली होती, आणि कार्डावर 'सनरूफ ड्रेन एअरने साफ केले' एवढीच नोंद होती. गळती थांबली, म्हणून विषय संपला. दिवे लागायला सुरुवात झाली ती बरोबर पुढच्या महिन्यात.

सनरूफ पूर्ण जलरोधक नसतो, आणि तो तसा असावा अशी त्याची रचनाही नसते. काचेच्या कडेने आत आलेले पाणी एका पन्हाळीत जमते, आणि त्या पन्हाळीच्या चार कोपऱ्यांतून चार बारीक नळ्या खांबांच्या पोकळीतून खाली उतरून ते पाणी गाडीबाहेर सोडतात. आमच्या दारात आंब्याचे झाड आहे. माघ-फाल्गुनात मोहोर गळतो, त्याचा भुगा आणि धूळ मिळून या नळ्यांच्या तोंडाशी चिकट बोळा होतो. तो काढण्यासाठी वर्कशॉपमध्ये जोराची हवा मारली गेली, आणि त्या दाबाने डाव्या पुढच्या खांबाच्या तळाशी नळीचा जोड सुटला. आधी छतातून दिसणारी गळती आता खांबाच्या आतून, कोणालाही न दिसता, डाव्या सीटच्या पायाशी असलेल्या कार्पेटखाली जाऊ लागली. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तेव्हा किती पाणी गेले असेल याची कल्पना करावी.

तपासण्याची रीत सोपी आहे आणि ती प्रत्येकाने करून पाहावी. सनरूफ उघडून प्रत्येक कोपऱ्यातल्या छिद्राशी चहाच्या कपाने अर्धा कप पाणी अगदी हळू ओतावे. काही सेकंदांत ते पाणी गाडीखाली, पुढच्या नळ्यांचे पुढच्या चाकाच्या किंवा दरवाजाच्या बिजागराच्या बाजूला आणि मागच्यांचे मागच्या चाकाजवळ किंवा बंपरजवळ, ठिबकताना दिसले पाहिजे. पाणी वर साचून राहिले तर नळी तुंबली आहे. पाणी वरून गेले पण खाली आले नाही, तर ते गाडीच्या आत गेले आहे, आणि ही दुसरी स्थिती अधिक वाईट आहे. तुंबलेली नळी साफ करायला गवत कापण्याच्या यंत्रात वापरतात ती नायलॉनची जाड दोरी घ्यावी, तिचे टोक तापवून गोल करावे आणि हलक्या हाताने आत-बाहेर करावे. जोराची हवा मारू देऊ नये.

कार्पेट वरून हाताला कोरडे लागते, म्हणून पाणी नाही असे समजू नये. त्याच्या खाली दोन-तीन बोटे जाडीचा फोम असतो आणि तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. माझ्या गाडीत दाराजवळची प्लास्टिकची पट्टी उचलून कार्पेटखाली हात घातला तेव्हा मनगटापर्यंत पाणी लागले, आणि चिखलात कुजलेल्या पानांचा जो वास येतो तोच वास आला. त्या आधी सकाळी काचा आतून धुरकट होत होत्या, पण त्याकडे आम्ही दमट हवा म्हणून दुर्लक्ष केले होते. पाणी फक्त पाऊस पडल्यावरच वाढत असेल तर सनरूफ, पुढच्या काचेखालची पन्हाळी किंवा दरवाजाच्या आतला प्लास्टिकचा पडदा तपासावा. भर उन्हाळ्यातही ओल दिसत असेल तर बहुधा एसीचा ड्रेन पाइप तुंबलेला असतो.

त्याच कोपऱ्यात, खांबाच्या पायथ्याशी, एक मोठा कपलर होता. त्यातून एबीएसच्या युनिटकडे जाणारी कॅनची जोडतार आणि बॉडी कंट्रोल युनिटच्या काही तारा जात होत्या. तो उघडला तेव्हा तीन पिनांवर पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा गंज चढला होता. पाच दिवे, रात्रीचे लॉकचे आवाज आणि रिकामी होणारी बॅटरी या तिन्ही तक्रारींचे मूळ त्या तीन पिनांत होते.

अशा वेळी नुसता क्लीनर फवारून कपलर परत लावला तर तो काही महिने चालतो आणि मग पुन्हा दगा देतो, कारण पाणी तारेच्या आवरणाखालून वर चढलेले असते. तार थोडी सोलून पाहावी. तांबे काळे दिसले तर चकचकीत तांबे लागेपर्यंत ती मागे कापावी, नव्या पिना बसवाव्यात आणि जोडावर आतून डिंक असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवावी. कार्पेट फोमसकट बाहेर काढून वाळवावे; गाडीतच हीटर लावून ते वाळत नाही. एक गोष्ट कळकळीने सांगतो: सीटखाली आणि खांबांजवळ पिवळ्या आवरणाच्या तारा आणि कपलर असतात, ते एअरबॅगचे असतात. त्यांना घरी किंवा रस्त्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून हात लावू देऊ नये.

पाणी कुठेच सापडले नाही तर अर्थिंग पाहावे. हेडलाइट आणि पंखा पूर्ण लावून बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिन, तसेच बॅटरीचे ऋण टोक आणि बॉडी यांच्यामधला व्होल्टेज मोजावा. तो ०.१ व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगची पट्टी काढून तिच्याखालचा रंग-गंज घासून पुन्हा घट्ट बसवावी. कोकणात आणि घाटावरही उंदरांनी कुरतडलेल्या तारा हे नेहमीचे कारण आहे, म्हणून बॉनेटखाली लेंड्या किंवा फोमचा भुगा दिसतो का तेही पाहावे. आणि बाहेरून बसवलेले हॉर्न, फॉग लॅम्प किंवा डॅशकॅम असतील तर त्यांच्यासाठी मूळ वायरिंग कुठे कापले आहे का हे आधी स्वतः तपासावे. कापलेली तार दिसली की वर्कशॉप वॉरंटीची चर्चा तिथेच थांबवते.

पुढून येणारी टकटक

याच गाडीत दुसरे दुखणे यांत्रिक होते. सावकाश जाताना बारीक खडीवर पुढून टकटक असा आवाज येई, आणि त्यासाठी स्टॅबिलायझरचे (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचे) लिंक रॉड तीनदा बदलले गेले. लिंक रॉड स्वस्त असतो, पटकन बदलतो आणि खरोखरच अनेकदा तोच दोषी असतो, म्हणून सगळे मेकॅनिक तिथूनच सुरुवात करतात. परंतु गाडी लिफ्टवर उचलली की चाके लोंबतात, रॉड ताणला जातो आणि त्याचा सैलपणा झाकला जातो. त्यामुळे लिफ्टवर रॉड हलवून दिलेला निकाल भरवशाचा नसतो. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड तात्पुरते सोडून, टोके बांधून ठेवून, वर्कशॉपच्या आवारात अगदी हळू गाडी फिरवली तर उत्तर लगेच मिळते. आवाज गेला तर रॉड, राहिला तर दुसरे काही. माझ्या गाडीत आवाज राहिला. मग एकाने उभ्या गाडीचे स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले आणि दुसऱ्याने पुढच्या स्प्रिंगवर हात ठेवला, तेव्हा डावी स्प्रिंग फिरताना हाताला झटका देऊन उडी मारत होती. शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या टोकाचे माउंट आणि त्यातले बेअरिंग गेले होते. ते बदलल्यापासून आवाज नाही.

लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) नवे बुश, म्हणजे रबरी जोड, सहा-आठ महिन्यांत फाटत असतील तर भागाच्या दर्जाइतकाच संशय बसवण्याच्या पद्धतीचाही घ्यावा. रबरी बुशचा बोल्ट गाडीचे वजन चाकांवर असताना आवळायचा असतो. लिफ्टवर चाके लोंबत असतानाच तो पक्का आवळला तर गाडी खाली उतरताच रबराला पीळ बसतो, आणि तो पीळ घेऊनच बुश आयुष्यभर चालतो. 'बोल्ट गाडी जमिनीवर घेऊन आवळावेत' हे वाक्य जॉब कार्डावर लिहून घ्यायला काहीच हरकत नाही.

डिझेल एसयूव्हीच्या मालकांची तिसरी नेहमीची तक्रार डीपीएफची असते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाल्यावर डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी ही जाळी आली. ती सुमारे ६०० अंश सेल्सिअसला काजळी जाळून स्वच्छ होते, आणि गावातल्या गावात तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते तापमान टिकत नाही. दिवा लागला तर मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने, इंजिन २००० फेऱ्यांच्या आसपास ठेवून गाडी चालवावी. महामार्गावर नियमित चालणाऱ्या गाडीतही दर दोनशे-तीनशे किलोमीटरला दिवा परत येत असेल, तर वर्कशॉपमध्ये सक्तीने जाळी जाळून घेत राहण्यात अर्थ नाही. इंजेक्टर, ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत सोडणारा व्हॉल्व्ह), टर्बोच्या पाइपची गळती किंवा जाळीचा दाब मोजणारा सेन्सर तपासायला सांगावे. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर गाडी न चालवता आधी ऑइल बदलावे, कारण पातळ झालेले ऑइल टर्बो आणि बेअरिंग खाऊन टाकते.

जॉब कार्डावर काय लिहावे

'दिवे लागतात', 'आवाज येतो' असे लिहिलेले कार्ड निरुपयोगी असते. जून २०२४ च्या भेटीत मी कार्डावर असे लिहून घेतले: "रात्रभर पावसात उघड्यावर उभी राहिल्यानंतर सकाळच्या पहिल्या स्टार्टला पाच दिवे लागतात, स्टिअरिंग जड होते, साधारण वीस मिनिटांनी आपोआप जाते, यापूर्वी याच तक्रारीसाठी तीन भेटी झाल्या आहेत." त्याबरोबर दिवे, तारीख आणि किलोमीटर दिसतील असा मोबाइलवरचा व्हिडिओ ईमेलने पाठवला, आणि गाडी शेडमध्ये न ठेवता दोन रात्री उघड्यावर ठेवावी अशी लेखी विनंती केली. वर्क्स मॅनेजरांनी ती मान्य केली. दुसऱ्या सकाळी त्यांच्याच समोर पाचही दिवे लागले. बारा महिन्यांत जे झाले नव्हते ते त्या एका सकाळी झाले, आणि तिथून कार्पेट उचलेपर्यंत फार वेळ लागला नाही.

गाडी परत घेताना काय तपासले आणि काय बदलले हे लिहिलेली बंद कार्डाची प्रत घ्यावी. 'तपासणीत दोष आढळला नाही' असे असेल तर तेही लेखी घ्यावे. ती सुद्धा एक भेट आहे आणि पुढे ती मोजली जाते. कार्ड उघडल्याशिवाय 'जरा बघून देतो' म्हणून गाडी आत नेऊ देऊ नये, कारण अशा भेटीचा कुठेही पुरावा उरत नाही. बदललेले जुने भाग पाहायला मागावेत.

पाणी शिरणे वॉरंटीत बसत नाही असे मला आधी सांगण्यात आले. जून २०२३ च्या कार्डावरची हवा मारल्याची नोंद दाखवल्यावर वायरिंग, नळी आणि कार्पेट यांचा संपूर्ण खर्च वॉरंटीतून झाला. वॉरंटी संपायला तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते. ज्यांची मुदत संपत आली आहे त्यांनी तक्रार मुदतीच्या आत लेखी नोंदवून ठेवावी, म्हणजे दुरुस्ती लांबली तरी तक्रारीची तारीख हातात राहते.

इतके करूनही दाद मिळत नसेल तर विक्रेत्याला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला सगळ्या भेटींची तारीखवार यादी जोडून ईमेल करावा, आणि मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याखाली, गाडीसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर आयोग प्रयोगशाळेचा अहवाल मागवू शकतो. गाडीच बदलून मिळावी ही मागणी मात्र विचारपूर्वक करावी. बदलता येण्याजोग्या भागांत दोष असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य ठरत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये घेतली आहे. म्हणून दुरुस्तीचा खर्च, गाडी बंद राहिलेले दिवस, त्या काळातले प्रवासाचे भाडे आणि वाढीव वॉरंटी या मागण्यांचा हिशेब पावत्यांसह तयार ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते.

स्टिअरिंग, ब्रेक, एअरबॅग किंवा इंधनगळती यांसारखा सुरक्षेचा दोष असेल तर आणखी एक वाट आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाड्या परत मागवण्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले असून, सात वर्षांच्या आतील गाडीतल्या अशा दोषाची तक्रार केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर नोंदवता येते. एकाच मॉडेलबद्दल विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या संख्येइतक्या तक्रारी आल्या तर पुढची कारवाई होते, म्हणून आपली एक तक्रार नोंदवल्याने काय होणार असे म्हणून ती टाळू नये. आपल्या गाडीचा १७ अक्षरांचा चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून ती आधीच परत मागवलेल्या गाड्यांत आहे का, हेही वर्षातून एकदा पाहावे.

माझ्या गाडीच्या चारही नळ्या आता मी वर्षातून दोनदा तपासतो: एकदा मोहोर गळून गेल्यावर आणि एकदा मृग लागण्याच्या आधी. २०२५ चा पूर्ण पावसाळा ती त्याच झाडाखाली उघड्यावर उभी होती. आषाढात सलग चार दिवस पाऊस पडल्यावर मी डाव्या बाजूची पट्टी उचलून कार्पेटखाली हात घातला, आणि तळाचा पत्रा कोरडा होता.